सजद्यातून उठताना

तरावीहची आठवी-दहावी रकात. हाफिजसाहेबांच्या तकबीरबरोबर सफ सजद्यातून उभी राहते आणि साठीतले एक चाचा शेजारच्याच्या खांद्यावर हात टेकतात. डोळ्यांपुढे अंधारी येते, दोन-चार क्षणांत जाते. सलाम फेरल्यावर शेजारचा तरुण हळूच विचारतो, "चाचा, बीपीची गोळी चालू आहे ना?" उत्तर येते, "अरे बेटा, त्या गोळीनेच तर चक्कर येते. रमजानभर बंद केली." यवतमाळ असो, पुसद, दिग्रस, उमरखेड की आर्णी, असा संवाद दरवर्षी कुठल्या ना कुठल्या मशिदीत ऐकू येतो. चाचांचे निम्मे म्हणणे खरे आहे. उरलेले निम्मे जिवावर बेतू शकते.

माणूस उभा राहिला की अर्धा ते एक लिटर रक्त पोटाकडे आणि पायांकडे उतरते. तरीही एरवी चक्कर येत नाही, कारण शरीराने पहारेकरी बसवलेले आहेत. मानेत जबड्याखालच्या रक्तवाहिनीत आणि हृदयातून निघणाऱ्या महाधमनीच्या कमानीत रक्ताचा दाब ओळखणारी मज्जातंतूंची टोके असतात. दाब जरा उतरला की ती मेंदूच्या देठाला खबर देतात. पुढच्या काही ठोक्यांतच हृदय वेग वाढवते, रक्तवाहिन्या आवळल्या जातात, दाब सावरतो. वीस रकातींत चाळीस सजदे होतात. तेवढ्या वेळा हे काम बिनबोभाट चालते.

उच्च रक्तदाब वर्षानुवर्षे राहिला की रक्तवाहिन्या ताठर होतात आणि हे पहारेकरी मंद होतात. शिवाय ते वाढलेल्या दाबालाच नेहमीचा दाब समजू लागतात. म्हणजे औषधाचा एक कणही न घेणाऱ्या बीपीच्या रुग्णाला उठताना अंधारी येऊ शकते. दोष सगळा गोळीच्या माथी मारला जातो, पण आजाराचा वाटाही मोठा असतो.

गोळ्याही सगळ्या सारख्या नाहीत. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी 1949 मध्ये सर्पगंधा या आपल्याकडच्या वनस्पतीचा रक्तदाबावरचा परिणाम ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकातून जगापुढे मांडला. त्या मुळीतून पुढे रेसरपिन हे औषध वेगळे केले गेले. ते मज्जातंतूंतला संदेशवाहक साठाच रिकामा करते. दाब उतरतो, पण उभे राहताना सावरण्याची ताकदही कमी होते. आज सर्रास दिल्या जाणाऱ्या टेल्मिसार्टन, अ‍ॅम्लोडिपिन या गोळ्या या प्रतिक्रियेत तुलनेने कमी ढवळाढवळ करतात. अ‍ॅटेनोलॉल, मेटोप्रोलॉल हृदयाचा वेग धरून ठेवतात. लघवी वाढवणारी गोळी शरीरातले पाणी कमी करते. प्रोस्टेटसाठीही दिल्या जाणाऱ्या प्राझोसिनचा पहिला डोस तर माणसाला खाली बसवू शकतो.

नवी गोळी सुरू झाली किंवा डोस वाढला की सुरुवातीचे दिवस नाजूक असतात. मात्र दाब आटोक्यात राहिला, तर काही आठवड्यांत किंवा महिन्यांत पहारेकरी पुन्हा खालच्या दाबाची सवय करून घेतात, त्यांची धारही काही अंशी परतते. चाचांना नेमके हेच ठाऊक नाही. चक्कर येते म्हणून त्यांनी सोडलेली गोळीच पुढे चक्कर कमी करणारी ठरू शकली असती.

रोजात अडचण वाढते ती पाण्याची. मार्च सरता सरता यवतमाळचे ऊन चटके देऊ लागते. त्यात कोणी शेतावर, कोणी बांधकामावर. सहरीला लघवीची गोळी घेतली तर सकाळीच पाणी निघून जाते आणि मगरिबपर्यंत भरून निघत नाही. म्हणून डॉक्टर बहुधा तिची वेळ इफ्तारनंतर नेतात. दिवसातून एकदाच घ्यायच्या गोळीची वेळही बदलता येते, दोनदाची सहरी आणि इफ्तारला बसवता येते. हे डॉक्टरांना विचारून करायचे, मेडिकलवाल्याला नव्हे. अ‍ॅटेनोलॉल, मेटोप्रोलॉल किंवा क्लोनिडिन एकाएकी बंद केले, तर दाब आणि ठोके उसळी मारतात. ज्यांना मधुमेहही आहे त्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावे: पहिल्या दोन गोळ्यांमुळे साखर उतरल्यावर होणारी धडधड जाणवतच नाही. घाम मात्र सुटतो. त्या घामाकडे लक्ष हवे.

तपासणी सोपी आहे. आधी पाच मिनिटे आडवे पडून बीपी मोजायचा, मग उभे राहून एका आणि तिसऱ्या मिनिटाला. वरचा आकडा 20 ने किंवा खालचा 10 ने उतरला, तर डॉक्टरांना सांगायलाच हवे. दंडाला पट्टा बांधून बीपी मोजल्याने रोजा तुटत नाही, ही शंका अजूनही अनेकांना असते. यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयापासून गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंत ही सोय आहे. ती रमजानच्या आधीच्या शाबान महिन्यात उरकली तर उत्तम.

इफ्तारला भजी, पापड, लोणचे यांवर ताव मारला की मीठ वाढते आणि तरावीहला उभे राहताना पोटाकडे रक्तही जास्त वळते. आधी पाणी आणि खजूर, जेवण दोन हप्त्यांत, इतके तरी जमते. सजद्यातून उठताना क्षणभर बसून मग उभे राहावे. तेही झेपत नसेल तर बसून नमाज पढण्याची मुभा आहे, आणि आजाऱ्याला रोजे नंतर पूर्ण करण्याचीही. शुद्ध हरपली, छातीत दुखू लागले, तोंड वाकडे झाले किंवा बोलणे अडखळले, तर अजानची वाट न पाहता थेट दवाखाना गाठायचा.

मशिदीत मागच्या भिंतीला आताशा चार-सहा खुर्च्या मांडलेल्या असतात. चाचा अजून तिकडे फिरकत नाहीत.