शब्द पाठ, अर्थ गायब! घरी शिकणाऱ्या मुलांसाठी शब्दसंग्रहाचा कोर्स निवडताना

कानात हेडफोन घालून भांडी घासणारे, लोकलमध्ये एका हाताने लटकणारे, आणि आज ऐकण्याऐवजी वाचायला आलेले, तुम्हा सगळ्यांचं स्वागत. हा आपल्या भागाचा लेखी मजकूर. थोडा नीटनेटका केलाय, पण बोलण्याची सवय सुटत नाही, सांभाळून घ्या.

आमची लेक नऊ वर्षांची आहे आणि ती शाळेत जात नाही, घरीच शिकते, हे नेहमीच्या श्रोत्यांना माहीत आहे. पुढे एनआयओएसमधून दहावी द्यायची असं ठरलंय. तिथे दहावीसाठी किमान वय १४ लागतं, म्हणजे हातात पाच वर्षं आहेत. वेळ भरपूर. तरीही कुणी नातेवाईक आले की पहिला प्रश्न ठरलेला: "इंग्रजीचं काय? शाळेतली मुलं फाडफाड बोलतात." हे ऐकून ऐकून माझ्याही पोटात गोळा आला आणि जून महिन्यात मी शब्दसंग्रहाचं एक ॲप विकत घेतलं. वर्षाचे ४,८०० रुपये. नाव सांगत नाही, कारण चूक ॲपची कमी आणि माझी जास्त होती.

सुरुवात झकास झाली. रोज दहा मिनिटं, चार पर्यायांतून अर्थ निवडायचा, बरोबर आलं की नाणी पडतात. ११२ दिवस एकही दिवस चुकला नाही. ॲप म्हणालं, ६४० शब्द शिकून झाले. मी तो स्क्रीनशॉट घरच्या ग्रुपवरही टाकला.

मग एका संध्याकाळी आम्ही गोष्ट वाचत होतो. त्यात 'रिलक्टंट' हा शब्द आला आणि ती अडली. मी म्हटलं, "अगं, हा तर तुला येतो." ती लगेच म्हणाली, "हो! रिलक्टंट म्हणजे अनविलिंग."
"आणि अनविलिंग म्हणजे?"
"रिलक्टंट!"

मला आधी हसू आलं, मग धस्स झालं. दोन बंद दारं एकमेकांकडे बोट दाखवत होती. मी तिला मराठीत सांगितलं, एखादी गोष्ट करायला मन घेत नाही, पाय मागे ओढतात, ते रिलक्टंट. ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, "म्हणजे मला रोज ॲप उघडताना वाटतं तसं?"

मंडळी, हे वाक्य मला लागलं. कारण तेवढ्यात लक्षात आलं की गेले दोन महिने ती स्वतःहून पुस्तक हातात घेत नव्हती. आधी झोपायच्या वेळी पुस्तक काढून घ्यावं लागायचं. शब्द वाढावेत म्हणून आणलेल्या गोष्टीने वाचनाची गोडीच घालवली असेल, तर ४,८०० रुपये हे नुकसानातलं लहान नुकसान होतं.

तेव्हापासून मी या विषयाच्या मागे लागले. जे कळलं ते आज सांगते. घरी धाकटी भावंडं असतील, तुम्ही शिकवणी घेत असाल किंवा स्वतःचं इंग्रजी सुधारत असाल, तरी हे उपयोगी पडेल.

पहिला प्रश्न: कोर्स 'शब्द येतो' कशाला म्हणतो?

न्यूझीलंडचे भाषाशास्त्रज्ञ पॉल नेशन शब्द येण्याचे तीन भाग सांगतात: रूप, अर्थ आणि वापर. म्हणजे शब्द ऐकून-वाचून ओळखता येणं, त्याचा अर्थ समजणं, आणि तो कुठे, कोणत्या शब्दांसोबत बसतो हे कळणं. चार पर्यायांची चाचणी यातला फार थोडा भाग तपासते. त्यात अंदाजही चालतो.

म्हणून कोर्स घेण्याआधी त्याचा एक धडा उघडून बघा. मुलाला स्वतः वाक्य करायला लावलंय का? तोच शब्द एखाद्या उताऱ्यात पुन्हा भेटतो का? अर्थ सांगताना त्याहून अवघड शब्द तर वापरलेला नाही ना? उदाहरणार्थ, 'वर्डली वाईज ३०००' ही अमेरिकेतली जुनी वर्कबुक मालिका आहे. तिच्या धड्यांत शिकवलेले शब्द पुढे उताऱ्यातही येतात. ही रचना चांगली. पण त्यावरचे इयत्तेचे आकडे अमेरिकी मुलांसाठी आहेत. आपलं मूल चौथीच्या वयाचं आहे म्हणून चौथीचं पुस्तक मागवलं, तर ते डोक्यावरून जाऊ शकतं.

दुसरा प्रश्न: शब्द कोणते निवडलेत?

इझाबेल बेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ सालच्या पुस्तकात शब्दांचे तीन थर मांडले. पहिला थर रोजच्या बोलण्यातला: घर, पळणे, आनंदी. दुसरा थर पुस्तकांत सगळीकडे भेटणारा, पण बोलताना कमी येणारा. आपला रिलक्टंट तिथला. तिसरा एकेका विषयाचा, जसा विज्ञानातला 'आयसोटोप'. त्यांचा सल्ला असा की शिकवण्याची मेहनत मुख्यतः दुसऱ्या थरावर घ्यावी.

पण हा सल्ला मुळात घरी इंग्रजी बोलणाऱ्या मुलांना डोळ्यांसमोर ठेवून दिलाय. आपल्या मुलांना पहिला थर आयता मिळत नाही. इथे मला मायकेल वेस्ट आठवतात. हे इंग्रज शिक्षणतज्ज्ञ ढाक्याला शिक्षक-प्रशिक्षण महाविद्यालयात होते. बंगाली मुलं इंग्रजी वाचताना का अडतात हे बघून त्यांनी मोजक्या, वारंवार येणाऱ्या शब्दांत वाचनपुस्तकं तयार केली. पुढे १९५३ साली त्यांची सुमारे २,००० शब्दांची यादी प्रसिद्ध झाली, जी जगभर वापरली गेली. म्हणजे आपल्यासारख्या मुलांचा प्रश्न शंभर वर्षांपूर्वी याच उपखंडात कुणीतरी गंभीरपणे घेतला होता! मुलाला हे पायाचे दोन हजार शब्द येत नसतील, तर भारदस्त शब्दांचा कोर्स म्हणजे पाया न घालता गच्चीवर टाइल्स.

तिसरा प्रश्न: उजळणी कशी आहे?

जर्मनीचे हर्मन एबिंगहाउस यांनी स्वतःवरच प्रयोग करून १८८५ साली दाखवलं की पाठ केलेलं आपण सुरुवातीला भराभर विसरतो, मग विसरण्याचा वेग मंदावतो. आणि एका दमात घोकण्यापेक्षा दिवसांचं अंतर ठेवून केलेली उजळणी जास्त टिकते. आमच्या ॲपमध्ये रोज नवे शब्द येत होते, जुने क्वचित. नवे शब्द दिले की आकडा वाढतो, आणि आकडा वाढला की माझ्यासारखी आई खूश!

यावरचा उपाय जवळपास फुकट आहे. सेबास्टियन लाइटनर यांनी १९७२ साली खोक्यांची पद्धत सांगितली. आम्ही चपलांच्या खोक्यात पुठ्ठ्याचे तीन कप्पे केले. नवं कार्ड पहिल्या कप्प्यात, ते रोज बघायचं. बरोबर आलं की दुसऱ्यात, ते तीन दिवसांनी. पुन्हा बरोबर आलं की तिसऱ्यात, ते आठवड्याने. चुकलं की परत पहिल्या कप्प्यात. मोबाइलवरच हवं असेल तर 'अंकी' हेच काम करतं, अँड्रॉइडवर मोफत. पण कार्डं स्वतः बनवा. दुसऱ्याच्या तयार कार्डांत आपल्या मुलाची वाक्यं नसतात.

चौथा प्रश्न: वाचनाला वेळ उरतो का?

नेशन यांनीच २००६ साली हिशोब मांडला की इंग्रजी कादंबरी कुणाच्या मदतीशिवाय वाचायची तर साधारण ८ ते ९ हजार शब्दकुळं लागतात. शब्दकुळ म्हणजे प्ले, प्लेड, प्लेयर, प्लेफुल हे सगळे मिळून एक. आता गंमत बघा. आठवड्याला दहा शब्द घोकले तर वर्षाला ५०० होतात, म्हणजे ८ हजारांना १६ वर्षं. नुसत्या यादीने हे गाठणं कठीण. बाकीचे शब्द वाचताना आणि ऐकताना पुन्हा पुन्हा भेटूनच ओळखीचे होतात. त्यामुळे जो कोर्स वाचनाचा वेळ खातो, तो कितीही चांगला असला तरी महाग पडतो.

पुस्तक झेपेल का, हे बघायची सोपी युक्ती म्हणजे पाच बोटं. एक पान वाचायचं, न समजलेल्या प्रत्येक शब्दाला एक बोट. पाचही बोटं उभी राहिली तर ते पुस्तक सध्या आपण वाचून दाखवायचं. प्रथम बुक्सच्या 'स्टोरीवीव्हर'वर गोष्टी मोफत आहेत, वाचनाच्या चार पातळ्यांत लावलेल्या. काही गोष्टी इंग्रजीत आणि मराठीत अशा दोन्ही मिळतात, त्या आम्ही शेजारी ठेवून वाचतो.

आणि मराठीचं काय?

हे मी सगळ्यात उशिरा शिकले. दिवाळीत आम्ही निफाडला माझ्या वडिलांकडे गेलो. द्राक्षाची गोडी छाटणी नुकतीच झाली होती. बाबा फोनवर कुणाला तरी म्हणाले, "सगळे डोळे फुटले, काळजी नाही." लेक घाबरून माझ्याकडे धावत आली: "आई, कुणाचे डोळे फुटले?"

बाबांनी तिला बागेत नेलं. काडीवर जिथून कोंब येतो तो डोळा. आडवी वाढवलेली फांदी म्हणजे ओलांडा. घडातलं एकेक द्राक्ष म्हणजे मणी. घडात दाटी झाली की करायची ती विरळणी. ती वहीत लिहीत होती, हात लावून बघत होती. परतताना गाडीत तिने मला विचारलं, "बटाट्याला पण डोळे असतात ना?" आणि इंग्रजीतही बटाट्याच्या कोंबाला 'आय'च म्हणतात हे कळल्यावर ती किंचाळलीच! त्या दिवशी शिकलेला एकही शब्द ती विसरलेली नाही, आणि त्यासाठी एकही नाणं पडलं नव्हतं.

मराठीत पक्की झालेली कल्पना इंग्रजीत फक्त नवं नाव मागते. 'बाष्पीभवन' समजलेल्या मुलीला 'इव्हॅपोरेशन' हे पाच मिनिटांचं काम. शब्द फोडण्याची सवयही मराठीतूनच लागते. हार या एका शब्दाला उपसर्ग लावा: आहार, विहार, प्रहार, संहार, उपहार. हा खेळ खेळलेल्या मुलाला 'पोर्ट'पासून इम्पोर्ट, एक्स्पोर्ट, ट्रान्सपोर्ट सांगायला वेळ लागत नाही. मराठी वाचायला बालभारतीचं 'किशोर' मासिक आहेच, १९७१पासूनचं.

मग आम्ही काय ठरवलं?

आठवड्याला फक्त सहा शब्द. चार तिच्या वाचनातून, एक आजोबांकडून फोनवर, एक तिच्या मर्जीचा. कार्डाच्या एका बाजूला शब्द, दुसऱ्या बाजूला मराठी अर्थ आणि तिचं स्वतःचं वाक्य. रोज सात-आठ मिनिटं. मग पुस्तक.

नवरा म्हणाला, "वर्षाला ३०० शब्दच?" मी म्हटलं, ६४० मधले खरे किती उरले ते बघू. आम्ही वीस शब्द चिठ्ठ्या टाकून काढले आणि प्रत्येकाला तीन प्रश्न विचारले: तुझ्या शब्दांत अर्थ सांग, वाक्य कर, हे कुठे म्हणणार नाहीस ते सांग. वीसपैकी सात आले. महिन्याभराने खोक्यातल्या चोवीस शब्दांची तशीच परीक्षा घेतली. एकोणीस आले. हा एका घरातला अनुभव आहे, संशोधन नाही. पण तुमच्या कोर्सची ही परीक्षा तुम्ही आजच घेऊ शकता. मोफत चाचणीची मुदत संपण्याआधी घ्या, म्हणजे पैसे वाचतील.

एक प्रामाणिक गोष्ट सांगते. खोक्याला रोज कुणीतरी मोठं माणूस लागतं. दोघांची नोकरी असेल, घरी कुणी नसेल, तर चांगलं वर्कबुक घ्या, आठवड्यातून दोन दिवस बसा, अपराधी वाटून घेऊ नका. फक्त आकड्याकडे बघून खूश होऊ नका.

परवा रात्री अकरा वाजता तिच्या पांघरुणाखाली उजेड दिसला. पुस्तक होतं. मी म्हटलं, "झोप आता." आतून उत्तर आलं, "आय ॲम रिलक्टंट!"

मी रागावले नाही. भेटू पुढच्या भागात, तोवर ऐकत राहा, वाचत राहा!