अतिरक्तदाब : मापन, सर्पगंधा आणि नियंत्रणाचा पुरावा

बहुतेक व्याधी वेदनेच्या वा ज्वराच्या रूपाने आपले अस्तित्व जाणवून देतात व रोग्याला वैद्याकडे धाडतात. अतिरक्तदाब मात्र तसे करीत नाही. वर्षानुवर्षे तो देहात मुक्काम करतो, आणि पुष्कळदा पक्षाघाताचा झटका, हृदयविकार किंवा मूत्रपिंडांचा ऱ्हास या रूपानेच प्रथम प्रकट होतो. डोकेदुखी किंवा चक्कर यांवरून त्याचे निदान करू पाहणे व्यर्थ होय. रक्तदाब बराच चढलेला असूनही रोग्याची कसलीच तक्रार नसते. म्हणून या व्याधीचे ज्ञान मापनावर व तिचे नियंत्रण उपचारांच्या सातत्यावर अवलंबून आहे. या दोन्ही गोष्टी वैद्यकाला कशा उमगत गेल्या, याचा इतिहास उद्‌बोधक आहे, आणि त्यातील एक महत्त्वाचे प्रकरण मुंबईत घडलेले आहे.

हृदयाच्या आकुंचनाबरोबर महारोहिणीत लोटले जाणारे रक्त रोहिण्यांच्या भित्तींवर जो दाब देते, तो रक्तदाब. त्याची पातळी मुख्यतः दोन गोष्टींवर ठरते : हृदय दर मिनिटास किती रक्त बाहेर लोटते आणि सूक्ष्म रोहिणिका त्या प्रवाहाला किती विरोध करतात. रोहिणिका आकुंचित राहिल्या की विरोध वाढतो व दाब चढतो. परंतु तो कायमचा चढा राहण्यात मूत्रपिंडांचाही वाटा असतो. कारण शरीरातील मीठ व पाणी यांचा समतोल त्यांच्या हाती असतो. हॅरी गोल्डब्लाट यांनी 1934 साली कुत्र्यांच्या मूत्रपिंडाकडे जाणारी रोहिणी अंशतः आवळून दीर्घकालीन अतिरक्तदाब उत्पन्न करून दाखविला. तरीही बहुसंख्य रोग्यांमध्ये असे एखादे निश्चित कारण सापडत नाही. आनुवंशिकता, वय, आहारातील मीठ, स्थूलता, मद्यपान व व्यायामाचा अभाव हे घटक तेथे एकत्रितपणे कार्य करतात. अशा अतिरक्तदाबास प्राथमिक अतिरक्तदाब म्हणतात.

दाब मोजण्याचा पहिला प्रसिद्ध प्रयत्न स्टीफन हेल्स या इंग्रज धर्मोपदेशकाचा. एका घोडीच्या रोहिणीत नळी बसविली असता रक्त आठ फुटांहून अधिक उंच चढले, असे त्याने 1733 मध्ये नमूद केले. मनुष्यावर वापरता येण्याजोगा हवेचा पट्टा इटलीतील रिव्हा-रोची यांनी 1896 साली सिद्ध केला. पट्ट्याखालील रोहिणीचे ध्वनी स्टेथॉस्कोपने ऐकून आकुंचन व प्रसरण असे दोन्ही दाब ठरविण्याची रीत रशियन शल्यविशारद कोरोत्कॉफ यांनी 1905 मध्ये मांडली. तेव्हापासून व्याधीला अंक मिळाला. पण कोणत्या अंकापासून व्याधी सुरू होते हा प्रश्न उभा राहिला. 1950 नंतरच्या दशकात इंग्लंडमध्ये यावर मोठा वाद झाला. अतिरक्तदाब हा वेगळा, आनुवंशिक रोग असून रोगी व निरोगी यांचे दोन निराळे गट पडतात, असे रॉबर्ट प्लाट यांचे मत होते. जॉर्ज पिकरिंग यांनी प्रतिपादन केले की, समाजात रक्तदाब अखंड श्रेणीने पसरलेला असतो आणि रेषा कोठेही ओढली तरी ती सोयीसाठीच असते. पुढील संशोधनाने पिकरिंग यांची बाजू बळकट केली. सुमारे दहा लक्ष व्यक्तींच्या माहितीचे एकत्रित विश्लेषण 2002 साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार 40 ते 69 या वयात आकुंचन दाब 115 मिलिमीटरपासून दर 20 मिलिमीटरने वाढत गेला की पक्षाघाताने व हृद्रोगाने होणाऱ्या मृत्यूंचा धोका सुमारे दुप्पट होत जातो. 140/90 ही भारतात सामान्यतः वापरली जाणारी मर्यादा आणि अमेरिकेत 2017 साली स्वीकारलेली 130/80 ही मर्यादा यांतील अंतर या दृष्टीने पाहिले पाहिजे.

अंक कळला तरी तो उतरविण्याचे साधन विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत जवळजवळ नव्हते. कडक अळणी आहार, विश्रांती आणि क्वचित मज्जातंतू छेदण्याची मोठी शस्त्रक्रिया एवढेच उपाय हाती होते. अशा वेळी भारतीय वनस्पती सर्पगंधा पुढे आली. बिहारात ‘पागल की दवा’ म्हणून तिचे मूळ प्रचारात होते. गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी 1931 साली उन्माद व अतिरक्तदाब या दोहोंवरील तिचा गुण नोंदविला होता; परंतु पाश्चात्त्य वैद्यकाचे लक्ष तिकडे गेले नाही. मुंबईचे हृद्रोगतज्ज्ञ रुस्तम जाल वकील यांनी प्राथमिक अतिरक्तदाबाच्या 50 रोग्यांवरील आपली निरीक्षणे 1949 साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये प्रसिद्ध केली आणि सर्पगंधेचे नाव जगभर झाले. 1952 मध्ये स्वित्झर्लंडमधील सिबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनी तिच्यातील रेसर्पिन हे अल्कलॉइड वेगळे केले. मज्जातंतूंच्या अग्रांमधील नॉरॲड्रिनॅलिनचा साठा ते रिता करते. त्यामुळे रोहिणिका सैलावतात व दाब उतरतो. नाक चोंदणे, सुस्ती व विषण्णता या दोषांमुळे पुढे त्याचा वापर मागे पडला.

वकील यांच्या अभ्यासाचा प्रश्न दाब उतरतो की नाही, हा होता. दाब उतरविल्याने रोगी वाचतो काय, हा प्रश्न त्याहून निराळा आहे. चिंचोळ्या झालेल्या रोहिण्यांतून रक्त पुढे जाण्यासाठी चढा दाब आवश्यकच असतो, असे मानणारे वैद्य त्या काळी थोडे नव्हते. याचा निर्णय 1967 साली अमेरिकेत एडवर्ड फ्राइस यांच्या नेतृत्वाखाली माजी सैनिकांच्या रुग्णालयांत झालेल्या चाचणीने लागला. प्रसरण दाब 115 ते 129 असलेल्या 143 पुरुषांपैकी 73 जणांना औषधे व 70 जणांना औषधासारख्या दिसणाऱ्या निर्गुण गोळ्या देण्यात आल्या. निर्गुण गोळ्या घेणाऱ्यांत 27 गंभीर उपद्रव घडले. औषधे घेणाऱ्यांत केवळ दोन. त्या तीन औषधांपैकी एक रेसर्पिन होते. मुंबईत प्रकाशात आलेल्या वनस्पतीचे सत्त्व अशा रीतीने निर्णायक पुराव्याचा भाग ठरले.

आज थायाझाइड गटातील मूत्रल औषधे, ॲम्लोडिपिनसारखे कॅल्शियमरोधक आणि अँजिओटेन्सिनचे कार्य रोखणारी औषधे यांवर उपचारांची मुख्य भिस्त आहे. त्यांपैकी बहुतेक स्वस्त आहेत. आकुंचन दाब 10 मिलिमीटरने उतरला तर पक्षाघाताचे प्रमाण सुमारे एक-चतुर्थांशाने घटते. औषधांच्या जोडीला मिठाचा संयम हवाच. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांस दिवसाला पाच ग्रॅमहून कमी मीठ सांगितले आहे. लोणचे, पापड, फरसाण व खारवलेली मासळी यांतून ते प्रमाण नकळत ओलांडले जाते. मापनही विधिपूर्वक झाले पाहिजे. पाच मिनिटे स्वस्थ बसल्यावर, दंड हृदयाच्या पातळीवर ठेवून, योग्य रुंदीच्या पट्ट्याने व एकाहून अधिक वेळा मोजल्यावाचून निदान करू नये. वैद्यासमोर काहींचा दाब क्षणिक चढतो, हेही ध्यानी घ्यावे.

2019 ते 2021 या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 15 वर्षांवरील सुमारे 24 टक्के पुरुष व 21 टक्के स्त्रिया यांचा रक्तदाब चढा आढळला अथवा त्या व्यक्ती त्यासाठी औषध घेत होत्या. 2017 साली सुरू झालेल्या भारतीय अतिरक्तदाब नियंत्रण उपक्रमात प्रथम निवडलेल्या पाच राज्यांत महाराष्ट्र होता. ठरावीक औषधे, त्यांचा अखंड पुरवठा आणि प्रत्येक रोग्याची नोंद ही त्याची सूत्रे होत. तेव्हा आज उणीव औषधाची नाही. कसलीही वेदना नसताना रोज गोळी घेत राहणे मनुष्यस्वभावाला कठीण जाते, आणि अंक सुधारला की रोगी उपचार सोडतो. तोच अंक मग पुन्हा चढतो. ज्या व्याधीला तक्रार नाही, तिच्या बाबतीत रोग्याला पटेल असा पुरावा मोजलेला अंकच असतो. तो त्याला समजावून देणे हा उपचाराचाच एक भाग होय.