कचऱ्याचा डबा आणि पालिकेची तिजोरी

कचऱ्याचा डबा दाराबाहेर ठेवला, की आपले काम संपले असे आपण समजतो. पण खर्च तर तेथूनच सुरू होतो. गाडी, डिझेल, मजुरी, डेपोची जागा, हे सारे आपण भरलेल्या करातूनच भागवावे लागते.

पुण्यात १९९३ साली कचरा वेचणाऱ्यांची 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' ही संघटना स्थापन झाली. यात बहुसंख्य स्त्रियाच. २००१ मध्ये झालेल्या एका अभ्यासात आढळले, की त्यांनी वेचलेले भंगार डेपोपर्यंत न्यावे लागत नसल्याने पालिकेचा नुसता वाहतुकीचाच वर्षाला दीड कोटीहून अधिक खर्च वाचतो. या कामाचा मोबदला मात्र पालिका त्यांना देत नव्हती!

पुढे २००८ साली त्यांच्याच 'स्वच्छ' या सहकारी संस्थेशी पालिकेने करार केला. उकिरड्यावर वेचणारे हात आता घरोघरी कचरा गोळा करू लागले आणि घरटी ठरावीक शुल्क त्यांना मिळू लागले.

पण ही सारी बचत आपल्या स्वयंपाकघरावर अवलंबून आहे. आमटीत भिजलेला कागद भंगारवाला घेत नाही. मग तोच कागद गाडीत भरून डेपोवर न्यावा लागतो.

तेव्हा तुम्ही कोणत्याही शहरात राहत असा, ओला आणि सुका कचरा वेगळा ठेवा. फुटलेली काच, वापरलेले सॅनिटरी पॅड कागदात नीट गुंडाळून त्यावर खूण करा. कारण तुमचा डबा कोणीतरी हातानेच निवडणार आहे.