ट्रकचा विद्युत रेडिएटर पंखा

ट्रकच्या रेडिएटरमधून हवा खेळती ठेवण्यासाठी विद्युत मोटरवर चालणाऱ्या पंख्यास विद्युत रेडिएटर पंखा म्हणतात. लहान मालवाहू वाहनांत तो बहुधा मूळचाच असतो. जड ट्रकमध्ये सामान्यतः इंजिनावर चालणारा यांत्रिक पंखा असतो. विद्युत पंखा तेथे नंतर गॅरेजमध्ये जोडला जातो. घाटरस्ते आणि ऊसवाहतूक यांमुळे सातारा व सांगली जिल्ह्यांत इंजिन तापण्याचा प्रश्न नेहमीचा आहे.

उपयोग व मर्यादा

यांत्रिक पंख्याचा वेग इंजिनाच्या वेगावर अवलंबून असतो. गळीत हंगामात साखर कारखान्याच्या वजनकाट्यापुढे ट्रक इंच-इंच सरकतो, तेव्हा इंजिन मंद फिरते आणि पंखाही मंदावतो. विद्युत पंखा मात्र कूलंटच्या तापमानानुसार चालू-बंद होत असल्याने अशा वेळी पूर्ण वेगाने फिरू शकतो.

घाटात स्थिती उलट असते. पुण्याहून साताऱ्याकडे येताना खंबाटकी घाटात किंवा चिपळूणहून कराडकडे येताना कुंभार्ली घाटात भरलेला ट्रक खालच्या गिअरमध्ये चढतो. वेग कमी असल्याने समोरून हवा फारशी मिळत नाही, पण इंजिन वेगाने फिरत असल्यामुळे यांत्रिक पंखा जोरात चालतो. जड ट्रकचा असा पंखा पूर्ण वेगात २० अश्वशक्तीहून अधिक शक्ती घेऊ शकतो. २० अश्वशक्ती म्हणजे सुमारे १५ किलोवॅट. एवढी शक्ती २४ व्होल्टवर पुरवायची तर सहाशेहून अधिक अँपिअर प्रवाह लागेल, आणि ट्रकचा अल्टरनेटर त्याचा लहानसा हिस्साच देऊ शकतो. बाजारात मिळणारा ३०० वॅटचा पंखा या तुलनेत नगण्य ठरतो. त्यामुळे डिझेल वाचवण्यासाठी मूळ पंखा काढून त्याच्या जागी विद्युत पंखा बसवणे जड ट्रकसाठी धोक्याचे आहे. पूरक पंखा म्हणूनच तो योग्य ठरतो. शिवाय अनेक नव्या ट्रकमधील व्हिस्कस कपलिंग इंजिन थंड असताना पंख्याचा वेग आपोआप कमी करते, त्यामुळे बचतीचा मुद्दाही फारसा उरत नाही.

जोडणी

पंखा रेडिएटरच्या मागे, इंजिनाच्या बाजूस बसवल्यास हवा ओढतो व पुढे बसवल्यास ढकलतो. पुढचा पंखा बंद असताना हवेला थोडा अडथळा करतो. मोटरच्या तारा उलट जोडल्या गेल्यास पंखा समोरून येणाऱ्या हवेच्या विरुद्ध दिशेने काम करतो. ही चूक सहज लक्षात येत नाही. ३०० वॅटच्या पंख्यास १२ व्होल्टवर २५ अँपिअर, तर २४ व्होल्टवर १२.५ अँपिअर प्रवाह लागतो. म्हणून रिले, योग्य क्षमतेचा फ्यूज आणि पुरेशा जाडीची वायर आवश्यक असते. डॅशबोर्डवरील साध्या स्विचमधून हा प्रवाह नेल्यास वायरिंग जळू शकते. १२ व्होल्टचा पंखा २४ व्होल्टच्या ट्रकला थेट जोडल्यास मोटर जळते.

तापण्याची इतर कारणे

पंखा जोडण्यापूर्वी मूळ दोष तपासावा लागतो. कृष्णा-वारणा काठच्या शेतांतून ऊस भरताना पाचटाचे तुकडे व धूळ रेडिएटरच्या पातळ पात्यांत अडकतात. सैल फॅन बेल्ट, अडकलेला थर्मोस्टॅट किंवा कूलंटची गळती हीदेखील नेहमीची कारणे आहेत. दुर्लक्ष झाल्यास हेड गॅस्केट उडते, प्रसंगी इंजिन जाम होते. तापलेल्या इंजिनाच्या रेडिएटरचे झाकण उघडल्यास दाबाखालील उकळते पाणी उसळून गंभीर भाजण्याचा धोका असतो.