रक्ताचा माग तुटतो तेव्हा

शिकारीच्या कथा मी पुष्कळ वाचल्या. पण बाण लागूनही हाती न आलेल्या जनावराचे पुढे काय होते, आणि बाण मारणाऱ्याचे काय होते, याबद्दल माझ्या वाचनात फार थोडे आले. हा विषय मला पुस्तकांतून सुचलेला नाही.

१९८४ साली मी पंधरा वर्षांचा होतो. सेनगाव तेव्हा परभणी जिल्ह्यात होते. भाद्रपदात निसवलेल्या ज्वारीत रानडुकरे घुसत. आमच्या शेतावर राखणीला एक वृद्ध गृहस्थ असत, त्यांना आम्ही आबा म्हणत असू. त्यांच्याजवळ बांबूचे धनुष्य आणि लोखंडी फाळाचे चार बाण होते. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ सालीच झालेला होता, पण आमच्या बांधावर त्याची चर्चा कोणी करीत नसे. एका संध्याकाळी आबांचे धनुष्य मी हट्टाने घेतले आणि ओढले. बाण लागला. डुक्कर ज्वारीत शिरले आणि मी त्याच्यामागे धावलो.

“लेकरा, बस खाली,” आबा ओरडले. “आत्ता मागं लागलास तर ते गावाच्या शिवंपलीकडं जाईल.”

मी ऐकले नाही. आबांच्या बोलण्यामागचे शास्त्र मला फार पुढे कळले. बंदुकीची गोळी आघाताने हाडे मोडते, मांस फाडते. बाणाचा आघात तेवढा नसतो. तो धारेने रक्तवाहिन्या कापतो आणि जनावर मरते ते रक्त वाहून गेल्याने. म्हणून वर्मी बाण लागलेले जनावरही काही अंतर पळते. रक्तावरून जखम ओळखता येते. फुप्फुसाला लागला तर रक्त तांबडे आणि फेसाळ असते, यकृताला लागला तर गडद. पोटात लागला तर रक्त थोडे, त्यात चाऱ्याचा चोथा आणि उग्र वास. असे जनावर मरते, पण तासन् तासांनी. पाठलाग झाला नाही तर ते बहुधा जवळच्याच झुडपात जाऊन बसते. पाठलाग झाला तर दूर निघून जाते आणि रक्त थोडे असल्याने मागही तुटतो. म्हणून जाणता शिकारी बाण सुटल्यावर थांबतो. पोटाच्या जखमेला तर कित्येक तास थांबतो.

आम्हाला मोडलेला बाण चिखलात सापडला. आबांनी तो नाकाशी नेला आणि म्हणाले, “पोटात लागलाय.” रात्री पाऊस आला. सकाळी नाल्यापर्यंत एकही थेंब दिसला नाही. तीन दिवस मी आकाशात गिधाडे घिरट्या घालतात का ते पाहत होतो.

पांडूची कथा सर्वांना ठाऊक आहे. हरणाच्या रूपातल्या किंदम ऋषीला त्याने समागमाच्या वेळी बाण मारला आणि शाप घेतला. महाभारताच्या आदिपर्वात किंदम जे बोलतो, ते मात्र सहसा सांगितले जात नाही. राजाने शिकार केली म्हणून मी त्याला दोष देत नाही, थोडे थांबायला हवे होते, असा त्याच्या बोलण्याचा आशय आहे. दशरथाने शब्दवेधी बाण मारला, पण आवाजाच्या दिशेने तो जखमी मुलापर्यंत गेला आणि पुढे त्याच्या आंधळ्या आईबापांपर्यंतही. तरी ही गोष्ट त्याने कौसल्येला सांगितली ती मरणाच्या रात्री. सातवाहन राजा हालाच्या नावावरील गाथासप्तशतीतल्या एका गाथेत हरीण आणि हरिणी एकमेकांना वाचवायला बाणासमोर येतात; ते पाहून व्याध रडतो आणि धनुष्य टाकून देतो. आपल्या गोदावरीकाठच्या भाषेतला हा फार जुना शिकारी, ज्याला वेळेवर थांबता आले.

ज्याला थांबता आले नाही, त्याने काय करावे? आबांचे उत्तर व्यवहारी होते: “चारी बांधांवर जाऊन सांग. घायाळ डुक्कर आहे. बाया खुरपायला जातील.” हातून निसटलेले जखमी जनावर केवळ शिकाऱ्याच्या मनाचा प्रश्न नसते. जिम कॉर्बेटने १९०७ साली मारलेल्या चंपावतच्या वाघिणीने ४३६ माणसे मारल्याची नोंद आहे. तिचे उजव्या बाजूचे सुळे तुटलेले होते, कुणाच्या तरी जुन्या गोळीने. नेहमीची शिकार तिला त्यामुळेच जमत नव्हती, असे कॉर्बेटचे मत होते. ती गोळी झाडणाऱ्याचे नाव कुणाला ठाऊक नाही.

मी चार बांधांवर गेलो. डुक्कर जखमी आहे, हे सांगितले. बाण आबांचा होता, असेही सांगितले. ते खरेच होते, पण मारला कोणी हे मी सांगितले नाही. लोक आबांना बोल लावत राहिले. आबांनी कधी खुलासा केला नाही आणि मीही केला नाही. ते गेले त्याला आता बरीच वर्षे झाली. त्या डुकरापेक्षा हेच मला अधिक सलते. अपराधाची बोच विसरून जात नाही आणि स्वतःला कोसूनही जात नाही. थोडीफार जाते ती ज्यांना सांगायला हवे, त्यांना वेळेवर सांगितल्याने.

गेल्या उन्हाळ्यात कयाधूकाठच्या एका शेतात पाय मोडलेला रोही दिसला. मी जवळ गेलो नाही. वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन केला, आणि गाडी येईपर्यंत आजूबाजूच्या शेतांत जाऊन सांगितले. नाव विचारले, तेव्हा माझे दिले.