पडद्यावरील डांस आणि घरांतील रांजण

मुलांकडून स्वच्छतेचे नियम पाठ करून घेणें सोपें आहे; त्यांचें मर्म त्यांच्या मनास पटविणें मात्र कठीण. वाघ दिसला कीं लहान मूलही पळतें. परंतु हातावरील रोगजंतु कोणासच दिसत नाहींत. जें दिसत नाहीं त्याचें भय कसें वाटावें? ही अडचण दूर करण्यास रेखाटलेल्या चित्रांचे चित्रपट, म्हणजे कार्टून, फार उपयोगी पडले आहेत.

हे चित्रपट कसे तयार होतात, तें प्रथम पाहूं. पडद्यावर दर सेकंदास २४ चित्रें येऊन जातात. एका चित्राहून दुसऱ्यांत किंचित् फरक असला म्हणजे आपल्या डोळ्यांस तीं निरनिराळीं न दिसतां एकच आकृति हालत असल्याचा भास होतो. या हिशेबानें दहा मिनिटांच्या चित्रपटास १४,४०० चित्रें लागतात. एकेक रेखाटन दोनदां टिपलें तरी ७,२०० रेखाटनें होतात! एवढे कष्ट घ्यावयाचे ते याचसाठीं कीं, कॅमेऱ्यास जें सहज टिपतां येत नाहीं तें कुंचल्यास दाखवितां येतें. माशीच्या पायांस चिकटलेली घाण किंवा पोटांत शिरलेला जंत रेषांच्या साह्यानें डोळ्यांपुढें उभा राहतो.

१९४३ सालीं वॉल्ट डिस्ने यांच्या संस्थेनें अमेरिकन सरकारसाठीं हिवतापावर ‘द विंग्ड स्कर्ज’, म्हणजे ‘पंख असलेली पीडा’, हा चित्रपट काढला. त्यांत ॲनाफिलीस डांसाच्या मादीस फरारी गुन्हेगार ठरविलें आहे. तिचा बंदोबस्त करण्यास पुढें येतात कोण, तर स्नोव्हाइटच्या गोष्टींतील सात बुटके! कोणी गवत कापतो, कोणी पाण्यावर तेल पसरतो, कोणी खिडकीस जाळी लावतो. मुलें हंसतात आणि हंसतां हंसतां डांसाचें जीवनचरित्र शिकतात. त्यांतील सर्वच उपाय आज घेण्याजोगे नाहींत. बुटके जी ‘पॅरिस ग्रीन’ नांवाची पूड वापरतात ती सोमलयुक्त व विषारी आहे.

आपल्या देशांत मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनमध्यें १९५६ सालीं कार्टून विभाग सुरू झाला. तेथील तरुणांस शिकविण्यास डिस्ने यांच्याकडील चित्रकार क्लेअर वीक्स आले. त्यांचा जन्म भारतांतच, एका मिशनरी कुटुंबांत झाला होता. तेथें तयार झालेल्या राम मोहन यांनीं पुढें १९९० नंतरच्या दशकांत युनिसेफच्या ‘मीना’ या चित्रमालेस रूप दिलें. शौचालय, शुद्ध पाणी व हात धुणें यांचें महत्त्व ही चिमुरडी मीना साऱ्या गांवास पटविते. त्या काळीं चित्रगृहांना मुख्य खेळापूर्वीं सरकारमान्य लघुपट दाखवावे लागत. जळगांव-धुळ्याच्या प्रेक्षकांसही ते अशाच रीतीनें पाहावयास मिळत.

परंतु चित्रपटाची एक मर्यादा आहे. पडद्यावरील डांस हत्तीएवढा दिसतो, म्हणून तो दूर कोठला तरी राक्षस वाटतो; आपल्याच घरच्या रांजणांत वाढणारा तो हाच, हें ध्यानांत येत नाहीं. आपल्या खानदेशांत वैशाखांत पाण्याची टंचाई पडते. घरोघरीं रांजण, पिंपें, टाक्या भरून ठेवाव्या लागतात. उन्हाच्या काहिलीमुळें कूलरही चालूं असतात. शहरांत हिवताप पसरविणारा डांस टाक्यांत वाढतो, आणि डेंग्यूचा एडीस डांसही अशाच सांठविलेल्या स्वच्छ पाण्याच्या आश्रयास येतो. त्याची अंडीं पाण्याच्या कांठावर भांड्याच्या भिंतीस चिकटतात, व कोरडीं पडलीं तरी कित्येक महिने जगतात. पाणी मिळतांच उष्ण दिवसांत आठ-दहा दिवसांतच त्यांचे डांस होतात. म्हणून आठवड्यांतून एकदां भांडें नुसतें रिकामें न करितां, आंतून घासून कोरडें करणें व त्यावर झांकण ठेवणें अवश्य आहे. डेंग्यूनें धट्टींकट्टीं मुलेंही दगावतात; त्यापुढें अर्ध्या घटकेचा हा श्रम कांहींच नव्हे.

अमळनेरच्या छात्रालयांत साने गुरुजी मुलांच्या खोल्या स्वतः झाडीत. तेथें पडदा नव्हता, चित्र नव्हतें. तरी तो धडा मुलें विसरलीं नाहींत. विद्यार्थी मित्रांनो, चित्रपट शत्रूचें घर दाखवूं शकतो, पण तें घासावयास हात आपलेच लागतात. पालकांनींही रविवारीं सकाळीं मुलांच्या हातीं काथ्या द्यावा आणि आपणही त्यांच्याबरोबर रांजणाशीं बसावें, एवढीच विनंति.