मांजराच्या कातडीखालचा क्रमांक

एकच बोका दोन घरांत वाढतो, ही गोष्ट आपल्याकडे काही नवी नाही. आमच्या आळीतही असा एक पिवळा पट्टेरी बोका होता. सकाळी तो एका घरी दूध पिई आणि दुपारी दुसऱ्या घरी माशाचे काटे खाई. पहिल्या घरी त्याचे नाव राजा, तर दुसऱ्या घरी सोन्या. "बोका आमचाच" असे दोन्ही घरे अभिमानाने सांगत. एकदा तो चार दिवस नाहीसा झाला आणि परतला तो पायाला मोठी जखम घेऊन. जनावरांच्या डॉक्टरांकडे न्यायची वेळ आली, तेव्हा मात्र "अहो, तो तुमचाच ना?" असे दोन्ही घरे एकमेकांना म्हणू लागली. बोक्याला विचारून काही उपयोग नव्हता.

विद्यार्थी मित्रांनो, यातली गंमत सोडून दिली तरी प्रश्न खराच आहे. मांजर बोलत नाही, गळ्यातला पट्टा कुठेतरी अडकून तुटतो आणि पट्टेरी मांजरे तर एकासारखी एक दिसतात. मग हे मांजर कोणाचे, हे ओळखायचे कसे? इंग्लंडने यासाठी कायदाच केला आहे. १० जून २०२४ पासून तेथील प्रत्येक पाळीव मांजराच्या कातडीखाली ते वीस आठवड्यांचे होण्यापूर्वी एक सूक्ष्म चिप बसवावी लागते. घराबाहेर कधीही न जाणारे मांजरही यातून सुटलेले नाही. चिप नाही असे आढळले, तर मालकाला ती बसवून घेण्यासाठी २१ दिवसांची मुदत मिळते आणि त्यानंतर ५०० पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो. कुत्र्यांसाठी असाच नियम तेथे २०१६ पासून आहे.

ही चिप म्हणजे सुमारे १२ मिलिमीटर लांब आणि २ मिलिमीटर जाड अशी काचेची बंद कुपी असते. शिजलेल्या बासमती तांदळाचा एक लांब दाणा डोळ्यांसमोर आणा, म्हणजे आकाराची कल्पना येईल. लस टोचण्याच्या सुईपेक्षा जरा जाड सुईने ही कुपी मांजराच्या दोन खांद्यांच्या मध्ये, कातडीच्या लगेच खाली सोडतात. त्यासाठी मांजराला बेशुद्ध करावे लागत नाही. गुळगुळीत काच आत सरकत जाऊ नये म्हणून काही कुप्यांवर विशिष्ट प्लॅस्टिकचा थर दिलेला असतो.

या कुपीत तीनच महत्त्वाच्या वस्तू असतात. फेराइटच्या बारीक कांडीवर केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे शेकडो वेढे दिलेले वेटोळे, एक छोटा कंडेन्सर आणि सिलिकॉनची इवलीशी चकती. बॅटरी मात्र नसते! तरीही पंधरा वर्षांनी एखाद्या म्हाताऱ्या मांजरावरून डॉक्टरांनी वाचक-यंत्र फिरवले, तर यंत्राच्या पडद्यावर क्रमांक उमटतो. त्यासाठी लागणारी वीज येते कोठून?

उत्तर तुमच्या विज्ञानाच्या पुस्तकातच आहे. १८३१ साली मायकेल फॅरडे यांनी दाखवून दिले, की वेटोळ्यातून जाणारे चुंबकीय क्षेत्र बदलत राहिले म्हणजे त्या वेटोळ्यात विद्युत् दाब निर्माण होतो. वाचक-यंत्रात एक मोठे वेटोळे असते. त्यातून सेकंदाला १,३४,२०० वेळा उलटसुलट होणारा प्रवाह सोडलेला असतो. त्याच्याभोवतीचे चुंबकीय क्षेत्रही त्याच वेगाने उलटसुलट होते आणि कुपीतल्या छोट्या वेटोळ्यात वीज उत्पन्न करते. रस्त्याच्या कडेला खांबावर बसवलेल्या ट्रान्सफॉर्मरमध्ये हेच घडते. तेथेही एका वेटोळ्यातली वीज तारेने न जोडता दुसऱ्या वेटोळ्यात जाते. इथे फरक इतकाच, की दोन वेटोळ्यांच्या मध्ये मांजराचे केस आणि कातडे असते.

कुपीपर्यंत पोहोचणारे क्षेत्र फार क्षीण असते, म्हणून कंडेन्सरची मदत घ्यावी लागते. झोक्यावर बसलेल्या लहान भावाला तुम्ही कसे ढकलता ते आठवा. झोका मागे येऊन वळला, की नेमक्या त्याच क्षणी बोटाने हलकेच ढकलायचे. असे पुन्हापुन्हा केले की झोका उंच जातो. वेळ चुकली तर मात्र जोर लावूनही उपयोग होत नाही. वेटोळे आणि कंडेन्सर एकत्र जोडले, की त्या जोडीलाही झोक्यासारखा स्वतःचा एक ताल असतो. तो सेकंदाला १,३४,२०० म्हणजे १३४.२ किलोहर्ट्झ एवढाच राहील, असा ठेवलेला असतो. त्यामुळे बाहेरून येणारा प्रत्येक बारीक धक्का नेमक्या वेळी पडतो आणि चकती जागी होण्यापुरता दाब साठतो. यालाच संस्पंदन म्हणतात. रेडिओचे बटण फिरवून स्टेशन लावताना आपण हेच करतो.

चकती जागी झाली खरी. पण तिने आपला क्रमांक बाहेर सांगायचा कसा? प्रक्षेपण करण्याइतकी शक्ती तिच्यापाशी कुठली असणार? मला या यंत्रणेतला सर्वांत आवडणारा भाग हाच आहे. तो समजण्यासाठी टायरला घासून फिरणारा डायनॅमो असलेली एखादी जुनी सायकल मिळवा. आजोबांच्या वेळची एखादी अडगळीत सापडेलही. सायकल स्टँडवर उभी करून डोळे मिटा आणि पेडल हाताने फिरवत राहा. मित्राला दिव्याच्या तारेची जोडणी मध्येच सोडायला आणि पुन्हा जोडायला सांगा. दिवा लागला की पेडल जड होते. विझला की हलके. तुम्ही पाहत नाही, मित्र बोलत नाही, तरीही दिवा केव्हा लागला हे तुमच्या हाताला कळते. मित्राने ठरावीक खुणेने दिवा चालू-बंद केला, तर तो तुम्हाला पुरता निरोप पाठवू शकेल. आणि त्या निरोपासाठी लागणारी सगळी शक्ती तुमच्याच हाताची असेल!

चकती हेच करते. आपल्या वेटोळ्यावरचा भार ती एका क्रमाने वाढवते आणि कमी करते. त्याचा परिणाम वाचक-यंत्राच्या वेटोळ्यातल्या विद्युत् दाबावर होतो. हा फरक अगदी थोडा असतो, पण यंत्राला तो टिपता येतो. चकतीपाशी घड्याळही नसते. ढोलाच्या ठोक्यावर लेझीम खेळावे, तशी ती बाहेरून येणारी आवर्तने मोजत राहते आणि दर ३२ आवर्तनांना एक खूण पाठवते. शून्य किंवा एक, एवढ्या दोनच खुणा. पूर्ण निरोप १२८ खुणांचा असतो. म्हणजे १२८ गुणिले ३२, एकूण ४,०९६ आवर्तने. सेकंदाला १,३४,२०० या वेगाने त्यांना सेकंदाचा सुमारे तेहतिसावा भाग लागतो. चकती हाच निरोप पुन्हापुन्हा पाठवत राहते. निरोपात चूक पकडण्यासाठी काही तपासणीच्या खुणाही घातलेल्या असतात, त्यामुळे अर्धवट ऐकलेला क्रमांक यंत्र दाखवत नाही.

पडद्यावर येणारा क्रमांक १५ अंकी असतो. पहिले तीन अंक देशाचे किंवा चिप बनविणाऱ्या कारखान्याचे. भारताचा संकेतांक ३५६ आहे, तर कारखान्यांचे संकेतांक ९ ने सुरू होतात. उरलेले बारा अंक त्या एका जनावराचे. या बारा अंकांसाठी निरोपात ३८ खुणा राखून ठेवल्या आहेत. दोन खुणांनी ४ क्रमांक तयार होतात, तीन खुणांनी ८. असे दुप्पट करत ३८ पर्यंत गेलात तर २७,४८७ कोटींहून अधिक क्रमांक मिळतात. जगातल्या सगळ्या मांजरांना पुरून उरतील एवढे! मात्र यातून एक मजेदार गोष्ट निघते. बाराच्या बारा नऊ असलेला क्रमांक कोणत्याच मांजराला मिळू शकत नाही. ती संख्या ३८ खुणांत मावतच नाही. हिशेब करून पाहा.

चिपविषयी एक गैरसमज मात्र फार पसरलेला आहे. "चिप बसवली म्हणजे मांजर कुठे आहे ते मोबाईलवर दिसेल" असे पुष्कळांना वाटते. तसे मुळीच होत नाही. वाचक-यंत्राचे चुंबकीय क्षेत्र थोड्याच अंतरात विरून जाते. वेटोळ्याच्या आकाराच्या मानाने दूर गेल्यावर अंतर दुप्पट केले, की क्षेत्र आठपट क्षीण होते. त्यामुळे हातातले यंत्र जेमतेम वीतभर अंतरावरूनच चिप वाचू शकते. शिवाय कुपीतली कांडी क्षेत्राच्या रेषांना आडवी राहिली, तर वेटोळ्यातून क्षेत्र जातच नाही आणि चिप असूनही नाही असे वाटते. म्हणून जाणकार डॉक्टर यंत्र सावकाश आणि वेगवेगळ्या दिशांनी फिरवतात. कुपी क्वचित सरकलेली असते, हे लक्षात घेऊन खांद्यांखाली आणि पुढच्या पायांजवळही ते तपासतात.

दुसरी मर्यादा याहून महत्त्वाची आहे आणि तिचा पदार्थविज्ञानाशी काही संबंध नाही. चिपमध्ये मालकाचे नाव नसते, पत्ता नसतो, फोनही नसतो. असतो तो फक्त क्रमांक. नाव-पत्ता एका नोंदवहीत असतो; पूर्वी ती कागदाची असती, आता ती संगणकात असते. अमेरिकेत ५३ निवारा केंद्रांत आणलेल्या चिपधारी जनावरांचा अभ्यास ओहायो स्टेट विद्यापीठाच्या लिंडा लॉर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली प्रसिद्ध केला. एरवी अशा केंद्रांत आलेल्या भटक्या मांजरांपैकी शेकडा २ देखील मालकाकडे परत जात नव्हती. चिप असलेल्यांपैकी शेकडा ३८ हून अधिक परत गेली. (यातले सगळेच श्रेय चिपला देऊ नका बरे! जे मालक चिप बसवतात, ते हरवलेले मांजर शोधायलाही धडपडत असणार.) पण ज्यांचे मालक सापडले नाहीत त्यांच्या बाबतीत काय झाले होते? सर्वांत मोठे कारण होते चुकीचा किंवा बंद पडलेला फोन क्रमांक. शेकडा ३५ प्रकरणांत हेच आढळले. काही चिपांची तर नोंदच झालेली नव्हती. म्हणजे कुपी ठणठणीत, वाचक-यंत्र उत्तम, क्रमांकही बिनचूक. आणि फोन भलत्याच्याच घरी वाजतो आहे, किंवा वाजतच नाही.

आमच्या आळीतल्या बोक्याला चिप असती, तर त्याच्या क्रमांकापुढे एकाच घराचे नाव लिहावे लागले असते. ते कोणाचे, यावरून आधीच भांडण झाले असते असे मला वाटते. औषधाचे पैसे अखेर दोन्ही घरांनी निम्मे निम्मे दिले.

आपल्याकडे गाईम्हशींच्या कानांत पिवळे बिल्ले तुम्ही पाहिले असतील. त्यांवरचा १२ अंकी क्रमांकही अशाच नोंदवहीकडे बोट दाखवतो. फक्त तो डोळ्यांनी वाचायचा असतो. मांजरांच्या चिपची गाठ मात्र इथल्या एखाद्या कुटुंबाला परदेशी जाताना पडते. नोकरीनिमित्त जर्मनीला निघालेल्या कुटुंबाला आपली मनी सोबत न्यायची असेल, तर आधी चिप आणि मग रेबीजची लस, हा क्रम पाळावा लागतो. उलट केले तर ती लस धरली जात नाही, कारण लस याच मांजराला दिली होती हे क्रमांकाशिवाय सिद्ध होत नाही. त्यानंतर रक्ताची तपासणी आणि तीन महिन्यांची वाट पाहणे असते. तेव्हा ही तयारी विमानाच्या तिकिटांच्या पुष्कळ आधी सुरू करावी लागते.

मांजर नसले तरी याच तत्त्वावर चालणारी वस्तू तुमच्या घरात असू शकेल. मेट्रोचे कार्ड यंत्रावर टेकवताच फाटक उघडते; त्यातही वेटोळे आणि चकती असते, बॅटरी नसते. त्याची कंप्रता १३.५६ मेगाहर्ट्झ, म्हणजे मांजराच्या चिपच्या सुमारे शंभरपट. अंधाऱ्या खोलीत कार्डामागे प्रखर टॉर्च धरून पाहा. कार्डाचे प्लॅस्टिक फार जाड वा गडद नसेल, तर कडेकडेने गेलेले तारेचे वेढे तुम्हाला मोजता येतील.